४५ दिवसांत शहाणं पिल्लू, गॅरंटीसह

(अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार)

कॉलेजच्या गेटासमोरच्या खांबावर सध्या तीन जाहिराती एकाखाली एक चिकटवलेल्या आहेत. पहिली, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. दुसरी, पंधरा दिवसांत पाच किलो वजन कमी. तिसरी नवीन आहे : 'आपले पपी आमच्याकडे ठेवा. ४५ दिवसांत पूर्ण ट्रेनिंग. लेटेस्ट इम्पोर्टेड कॉलर. १००% गॅरंटी.' पहिल्या दोन जाहिरातींना फसणारा निदान स्वतःच्या मर्जीने फसतो आणि स्वतःच भोगतो. तिसरीत पैसे भरणारा एक आणि भोगणारा दुसरा. त्या दुसऱ्याचं वय अडीच महिने असतं आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात कुत्र्याच्या पिल्लांवर लेख कशाला, असं संपादक मंडळातल्या एकाने विचारलंच. त्याचं उत्तर असं, की स्टाफ क्वार्टर्समध्ये गेल्या दिवाळीपासून चार घरी पिल्लं आली आहेत आणि त्यांतल्या दोन घरी ही जाहिरात वाचून फोन झालेला आहे. शिवाय आमच्याच डिपार्टमेंटच्या एका ग्रुपने यंदा प्रोजेक्टसाठी विषय दिलाय, 'लो कॉस्ट डॉग ट्रेनिंग कॉलर'. म्हणजे ही वस्तू कुणा प्राणीप्रेमी संघटनेची नाही, आपल्याच शाखेची आहे. तेव्हा ती उघडून बघण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि माझ्या मते ती जबाबदारीही आहे.

आधी वस्तू बघू. गळपट्ट्यावर काड्यापेटीएवढा डबा. आत रेडिओ रिसीव्हर, छोटी लिथियम बॅटरी आणि व्होल्टेज चढवणारं सर्किट. डब्यातून दोन बोथट धातूच्या पिना बाहेर येतात, त्या केसांमधून थेट कातडीला टेकायला लागतात, म्हणून पट्टा चांगला आवळून बांधायचा. मालकाच्या हातात रिमोट. त्यावर आवाज, कंपन आणि झटका अशी बटणं, आणि झटका किती द्यायचा त्याचे आकडे, कुठे १ ते १६, कुठे १ ते १००. ऑनलाइन मागवली की घरपोच येते. विकणारे 'शॉक' हा शब्द चुकूनही वापरत नाहीत. 'स्टिम्युलेशन' म्हणतात, 'टॅप' म्हणतात, एक जण तर मला 'कुत्र्याला मेसेज जातो' असं म्हणाला.

बरं, मेसेज तर मेसेज. पण लेव्हल १५ म्हणजे किती? व्होल्ट? मिलिअँपिअर? मिलिज्यूल? काहीच नाही. नुसतं पंधरा. फर्स्ट इयरला आपण उत्तरापुढे युनिट लिहिलं नाही तर मास्तर अर्धा मार्क कापतात, आणि इथे जिवंत प्राण्याच्या गळ्यात बांधायच्या यंत्राला युनिट नाही! 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या नियतकालिकात २०१३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी बाजारातल्या कॉलरची मोजमापं छापली. त्यांत दिसलं ते असं, की कुत्र्याच्या मानेचा इम्पिडन्स बदलला की सगळंच बदलतं. ५ किलोओहमला शिखर-व्होल्टेज १०० च्या घरात, तर ५०० किलोओहमला तेच ६००० व्होल्टपर्यंत. (सहा हजार वाचून दचकू नका. ते सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरतंच असतं आणि ऊर्जा मिलिज्यूलमध्ये मोजावी लागते. याने कुत्रं मरत नाही, तसा आरोप कुणी करूही नये.) शिवाय या कंपनीची कॉलर आणि त्या कंपनीची कॉलर यांतही मोठा फरक. म्हणजे केस दाट की विरळ, मान कोरडी की ओली, पट्टा किती आवळला, यावर त्या पंधराचा अर्थ ठरणार. आता आपला जून ते सप्टेंबर आठवा. त्या चार महिन्यांत ज्या गावात चादर वाळत नाही तिथे कुत्र्याची मान कधी कोरडी आणि कधी ओली हे कोण बघत बसणार?

'अहो, काही नाही, फिजिओथेरपीवाल्याच्या मशीनसारखं आहे, हातावर लावून बघा' हा विक्रेत्याचा हुकमी एक्का. मी लावून बघितली. खरंच, खालच्या लेव्हलला मुंग्या आल्यासारखं होतं. पण मी बघितली तेव्हा डबा माझ्या तळहातावर होता, बटण माझ्याच अंगठ्याखाली होतं, आणि आता काय होणार हे मला माहीत होतं. पिल्लाकडे या तिन्हींतलं काहीच नाही. इतका फरक पडल्यावर त्या हातावरच्या टेस्टला प्रॅक्टिकलमध्ये कुणी रीडिंग म्हणून धरणार नाही.

गंमत म्हणजे पिल्लांच्या बाबतीत खुद्द कंपन्याच सावध आहेत. बऱ्याच कॉलरच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, की सहा महिन्यांखालच्या पिल्लाला वापरू नका. बारा तासांहून जास्त वेळ घालून ठेवू नका हेही असतं, कारण आवळलेल्या पिना एकाच जागी टेकून मानेवर व्रण पडतात. पण पुस्तिका कुणी वाचत नाही, हे आपल्या लॅबमधल्या मीटर्सची अवस्था बघून तुम्हाला ठाऊक आहेच.

माझा मूळ आक्षेप मात्र करंटवर नाही. झटका कितीही सौम्य असला तरी तो कशाबद्दल आहे हे पिल्लाला कळायचं कसं, असा माझा प्रश्न आहे. माणसाला आपण 'चप्पल चावलीस म्हणून' असं सांगू शकतो. पिल्लाला 'म्हणून' नाही. त्याला फक्त 'तेव्हा' आहे. झटका बसला तेव्हा समोर काय होतं, कशाचा वास होता, कोण चालत येत होतं, त्याच्याशी त्या दुखण्याची गाठ बसते. पाव्हलॉव्हची घंटा आपण सगळ्यांनी शाळेत वाचलीय, ती खाण्याशी जोडली जाते तशी दुखण्याशीही जोडली जाते. तुम्हाला वाटतं मी त्याला ओढण्याबद्दल झटका दिला. त्या क्षणी ते बघत होतं समोरून दप्तर घेऊन येणाऱ्या पोराकडे. मग चार महिन्यांनी ते शाळेच्या पोरांवर गुरगुरायला लागलं की आपण म्हणणार, ब्रीडच खराब!

टायमिंगने किती फरक पडतो यावर एक प्रयोग आहे. जर्मनीत हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ बीगल कुत्र्यांवर तो केला, २००७ साली छापून आला. तीन गट केले. एका गटाला खोट्या सशाला तोंड लावल्याच्या नेमक्या क्षणी झटका. दुसऱ्याला हाक मारल्यावर आलं नाही म्हणून झटका. तिसऱ्याला केव्हाही, काही कारण नसताना. मग लाळेतल्या कॉर्टिसॉलवरून ताण मोजला. पहिल्या गटाचा फारसा वाढला नाही. दुसऱ्याचा वाढला. तिसऱ्याचा सर्वांत जास्त. ही मोठी कुत्री होती आणि बटण संशोधकांच्या हाती होतं. आता दहा आठवड्यांचं पिल्लू घ्या, ज्याचं लक्ष दोन-तीन सेकंदांवर एका जागी टिकत नाही. बटण द्या अशा माणसाच्या हाती जो एका वेळी डझनभर पिल्लं सांभाळतोय. ते पिल्लू या तीन गटांपैकी कुठल्या गटात जाऊन बसेल?

पण मग ही पिल्लं शांत होऊन येतात, ते कसं? येतातच! व्हिडिओत दिसतंही. यासाठी अमेरिकेत १९६७ साली झालेले प्रयोग वाचायला हवेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुत्र्यांना असे झटके दिले, की जे काही केलं तरी थांबत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे अडसर ओलांडून पलीकडे उडी मारली की सुटका होती. त्यांतली बरीच उठलीच नाहीत. पडून राहून झटके सोसत राहिली. बाहेरून बघणाऱ्याला ती शांतच दिसली असती. आपल्या हॉस्टेलमध्ये पूर्वी सीनिअरला बघून मान खाली घालणारा ज्युनिअर 'शिस्तीचा' समजला जायचा. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा आला, तेव्हापासून निदान कागदावर तरी आपण त्याला शिस्त म्हणत नाही.

गुरगुरण्याचंही तसंच. बोर्डिंगहून आलेल्या पिल्लाचे मालक कौतुकाने सांगतात, आता गुरगुरत नाही. अहो, गुरगुरणं म्हणजे पॅनेलवरचा लाल दिवा आहे. आत काहीतरी तापलंय म्हणून तो लागतो. दिव्याची वायर कापली की पॅनेल छान दिसतं, तापायचं ते तापतच राहतं.

आता बोर्डिंगकडे येतो, कारण माझ्या मते कॉलरपेक्षाही मोठा घोटाळा तिथे आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

माझा मामा पुण्यात असतो. मामा-मामी दोघं आयटीत, मामेबहीण आठवीत. तिच्या हट्टापायी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं. नाव अर्थातच ब्रूनो. (पुण्यात संध्याकाळी कुठल्याही बागेत 'ब्रूनो' अशी हाक मारा, सात कुत्री वळून बघतात.) ब्रूनो चावायचा, हॉलमध्ये शू करायचा, रात्री रडायचा. अडीच महिन्यांचं पिल्लू दुसरं काय करणार? मामाने एका ट्रेनरचा नंबर मिळवला, शहराबाहेर त्याचं फार्म होतं. पस्तीस हजार रुपये, ४५ दिवस. मधे भेटायला यायचं नाही, 'त्याचं लक्ष डायव्हर्ट होतं'. रोज व्हॉट्सॲपवर वीस सेकंदांचा व्हिडिओ यायचा. ब्रूनो बसतोय, ब्रूनो चालतोय. मामी ते व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांना दाखवायची.

ब्रूनो परत आला तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत तिथेच होतो. बस म्हटलं की बसला. डाव्या पायाशी लागून चालला. मामा खूश. दोन दिवसांनी मामेबहिणीने टीव्ही लावायला रिमोट उचलला आणि ब्रूनो सोफ्याखाली गेला तो तासभर बाहेर येईना. पुढे लक्षात आलं, की कॉलर काढली की तो एकही शब्द ऐकत नाही आणि कॉलर घालायला हात पुढे केला की जमिनीला चिकटतो. मामाने ट्रेनरला फोन केला. ट्रेनर म्हणाला, 'लेव्हल वाढवा.' त्या रात्री मामीने ती कॉलर माळ्यावर टाकली. मग रोज रात्री जेवणानंतर ती हातात उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन फरशीवर बसायची, न बोलावता. तो जवळ येऊन हातातून खायला लागायला तीन आठवडे लागले. आज ब्रूनो दीड वर्षाचा आहे, चांगला आहे, पण मानेकडे अचानक हात गेला की अजून दचकतो.

तो ट्रेनर राक्षस नव्हता. त्याचं म्हणणं खरंच होतं, की त्याच्याकडे ब्रूनो सगळं ऐकत होता. प्रश्न असा, की त्याच्याकडे ऐकून मामाला काय उपयोग? कुत्रं जे शिकतं ते त्या जागेसकट आणि त्या माणसासकट शिकतं. फार्मवरच्या हिरवळीवर त्या काकांनी म्हटलेलं 'सिट' आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बेल वाजल्यावर मामेबहिणीने ओरडून म्हटलेलं 'सिट' ही त्याच्या लेखी दोन वेगळी वाक्यं आहेत. आपल्यापैकी बरेच जण अकरावी-बारावीला निवासी क्लासला राहून आलेत. लातूरला पहाटे पाचला उठून स्टडी रूममध्ये बसणारा मुलगा घरी आल्यावर किती वाजता उठायचा, हे त्याच्या आईला विचारा. आणि आपण तर सतरा वर्षांचे होतो, कशासाठी चाललोय हे आपल्याला माहीत होतं.

वयाचा हिशेब बघा, म्हणजे सगळं लक्षात येईल. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून त्यांचं वागणं नोंदवलं, १९६५ साली त्याचं पुस्तक निघालं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग कसं असतं ते ठरवत असतं. या दिवसांत जे भेटलं ते नेहमीचं, म्हणून चालायचं. कुकरची शिट्टी, रिक्षा, काठी टेकत येणारे आजोबा, रांगणारं बाळ, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला. नंतर ही खिडकी हळूहळू मिटत जाते आणि नव्या गोष्टीकडे आधी संशयाने बघितलं जातं. आपल्याकडे २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. म्हणजे नियम पाळला तर पिल्लू घरी आल्यावर हातात चार आठवडे उरतात. दहाव्या आठवड्यात ते ४५ दिवसांसाठी पाठवलं की सोळा आठवडे ओलांडून परत येणार. ज्या दिवसांत त्याने तुमचं घर शिकायचं, त्या दिवसांत ते पिंजरा, शेजारच्या पिंजऱ्यातलं भुंकणं आणि गळ्यातला डबा शिकलं. त्यात त्या वयाला लसी पूर्ण झालेल्या नसतात आणि पार्व्होसारखा रोग अशा दहा घरची पिल्लं एकत्र येण्याच्या जागीच पसरतो. ही गोष्ट कुठलाही व्हेट पहिल्याच भेटीत सांगतो, आपण ऐकून घेतो आणि सोडून देतो.

गॅरंटीचं गुपितही या हिशेबातच आहे. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांवर लघवी रोखू शकत नाही, चार महिन्यांचं त्याहून बराच वेळ रोखतं. दुधाचे दात सुईसारखे असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येतात आणि ते चावणं आपोआप ओसरतं. ट्रेनरकडे ठेवा नाहीतर आजीकडे ठेवा, वय वाढणारच. पस्तीस हजारांत मामाने मुख्यतः दीड महिना विकत घेतला, जो घरी फुकट मिळाला असता.

कुणी म्हणेल, पोलिसांची कुत्री नाही का महिनोन्‌महिने ट्रेनिंगला राहत? राहतात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, ठिकठिकाणच्या पोलिसांची कुत्री तिथे जातात. पण तिथे कुत्र्याबरोबर त्याचा हँडलर जातो! तोही तिथेच राहतो, तोच खाऊ घालतो, तोच शिकतो. कोर्स दोघांचा असतो आणि दोघं एकत्र परत येतात. आपल्याकडे धनगराच्या कुत्र्याचं पिल्लूही मेंढरांतच वाढतं, शिकायला दुसऱ्याच्या वाड्यावर जात नाही. ज्यांना कुत्र्याकडून खरोखर काम करून घ्यायचं असतं, ते त्याला माणसापासून तोडून शिकवत नाहीत. तोडून शिकवण्याची आयडिया आपल्यासारख्या वेळ नसलेल्या लोकांसाठी काढलेली आहे.

कॉलरच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. मोठं कुत्रं, शेळ्यांमागे किंवा हायवेकडे सुसाट पळणारं, हाकेला न जुमानणारं. तिथे लांबून थांबवणारं काहीतरी हवं, नाहीतर ते गाडीखाली जाईल किंवा गावकरी त्याला मारतील. हे म्हणणाऱ्याला मी मूर्ख समजत नाही. पण नेमका हाच प्रश्न ब्रिटनच्या लिंकन विद्यापीठातल्या लोकांनी तपासला, २०१४ साली 'प्लॉस वन'मध्ये छापला. हाकेला न येणं, गुरांमागे धावणं अशा तक्रारी असलेली ६३ कुत्री, तीन गट. कॉलर वापरणाऱ्या अनुभवी ट्रेनरांकडे एक गट, त्याच ट्रेनरांकडे कॉलरशिवाय दुसरा आणि बक्षीस देऊन शिकवणाऱ्यांकडे तिसरा. कॉलरचा ठोस जादा फायदा काही दिसला नाही, ताणाच्या खुणा मात्र जास्त दिसल्या. त्याआधी २००४ साली नेदरलँड्समध्ये राखणीच्या जर्मन शेफर्डांचा अभ्यास झाला होता. झटके खाल्लेली कुत्री मैदानावर तर सोडाच, बागेत मोकळं फिरतानाही मालकाशेजारी दबून वागत होती. म्हणजे हाक आणि मालक हेच धोक्याचे सिग्नल होऊन बसले होते. जर्मनीतल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये ही यंत्रं वापरणं तिथल्या प्राणी-कायद्यात बसत नाही असा निकाल दिला, वेल्सने २०१० मध्ये बंदी घातली. अमेरिकेत बंदी नसली, तरी तिथल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या व्हेट मंडळींच्या संस्थेने २०२१ मध्ये सगळ्याच कुत्र्यांसाठी फक्त बक्षिसाच्या पद्धतीची शिफारस केली. आणि मोठ्या कुत्र्याबद्दल वाद घालायचा तर घालू. अडीच महिन्यांच्या पिल्लाला कुठल्या शेळ्यांपासून वाचवायचंय?

बक्षिसाची पद्धत म्हणजे लाड, असाही एक समज आहे. तो असणाऱ्यांनी दुपारी अडीचला आपल्या मेसच्या मागच्या दाराशी जाऊन बघावं. काळ्या कुत्रीची तिन्ही पिल्लं तिथे जमतात. मेसचे काका हातात चपातीचा तुकडा धरून उभे राहतात, बोलत काहीच नाहीत. पिल्लं उड्या मारतात, तुकडा वर जातो. पिल्लू बसलं, तुकडा खाली येतो. चौथ्या दिवसापासून तिघंही काका दिसले की आधी बसतात आणि मग शेपट्या हलवतात. काकांनी स्किनर वाचलेला नाही. पण टायमिंग बघा, ढुंगण जमिनीला टेकतं आणि तुकडा सुटतो, मधे अर्धा सेकंदही नाही. आम्ही कंट्रोल सिस्टीमच्या लॅबमध्ये एवढा कमी डिले अजून मिळवलेला नाही. शिवाय काकांची चूक झाली, तुकडा उशिरा पडला, तर नुकसान काय? एक चपाती. बटण दाबणाऱ्याची चूक झाली तर ती पिल्लाच्या डोक्यात राहते, आणि कशाशी जोडली गेली ते आपल्याला सहा महिने कळतही नाही.

क्वार्टर्समधल्या सर-मॅडमना खरी अडचण वेळेची आहे, हे मान्य. पण पिल्लाला तासाचं लेक्चर लागत नाही, झेपतही नाही. तीन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, जेवणाच्या आधी भूक असताना. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर नेणं. चावलं की खेळ थांबवून उठून जाणं आणि चावायला दुसरं काहीतरी देणं. ट्रेनर हवाच असेल तर घरी येणारा बघा, जो पिल्लापेक्षा तुम्हालाच जास्त शिकवतो. त्याला विचारा, पिल्लाचं बरोबर आलं तर काय करता आणि चुकलं तर काय करता? 'चुकलं तर करेक्शन' असं उत्तर आलं तर करेक्शन म्हणजे काय ते तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. भेटायला येऊ देत नाही त्याच्याकडे पिल्लू ठेवू नका. आमच्या रेक्टरांसारखे कडक रेक्टरही रविवारी पालकांना आत सोडतात! आणि एवढाही वेळ नसेल तर यंदा पिल्लू आणू नका. दोन वर्षांनी आणा, पिल्लं तेव्हाही मिळतील.

राहिला आमच्या डिपार्टमेंटचा प्रोजेक्ट. त्या ग्रुपमधले तिघंही माझे मित्र आहेत, त्यांच्याशी रात्री दोनपर्यंत भांडून झालंय. त्यांचं म्हणणं, आम्ही नाही बनवली तरी बाजारात आहेच, आम्ही निदान स्वस्त करू. मला तर स्वस्तीचीच भीती वाटते. महाग वस्तू माणूस निदान विचार करून घेतो. तेव्हा मी त्यांना दुसरं सुचवलंय. रिसीव्हर, बॅटरी, मायक्रोकंट्रोलर, सगळं तेच ठेवा, फक्त झटक्याचं सर्किट काढा आणि त्या जागी मेमरी कार्ड बसवा. ट्रेनरच्या कॉलरशेजारी हा डबा बांधायचा. कॉलर किती वाजता सुटली, किती वेळ, दोन पिनांमधलं व्होल्टेज किती, दिवसात किती वेळा, सगळं नोंदवलं जाईल. पिल्लू परत आलं की मालकाने कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं. जो ट्रेनर शंभर टक्के गॅरंटी देतो त्याला हा डबा बांधू द्यायला हरकत नसावी. त्या पिनांवरचे शिखर-व्होल्टेजचे स्पाइक मोजायचे म्हणजे डिव्हायडर आणि प्रोटेक्शन नीट करावं लागेल, सॅम्पलिंग रेटचाही प्रश्न आहे, त्यामुळे व्हायव्हाला बोलायलाही भरपूर. तिघांपैकी दोघं तयार आहेत. तिसरा म्हणतो, असा डबा विकत कोण घेणार? गाइड सरांनी सिनॉप्सिस सोमवारी मागितलाय.